कोठीघरातील देव

श्रीगजाननाच्या आगमनाचे हे मंगल दिवस. घरोघरी मखरे उभी राहात आहेत, ताम्हने आणि पळी-पंचपात्रे चिंचेने लख्ख घासली जात आहेत, आणि शाडूच्या मूर्तीवरील वस्त्र केव्हा दूर होईल याची बालगोपाळ वाट पाहात आहेत. अशा प्रसंगी या पानावर गणेशपुराणातील एखादी कथा वाचावयास मिळावी, ही वाचकांची अपेक्षा रास्तच होय. गेली चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून आम्हीही तेच करीत आलो. आज मात्र जे आख्यान आम्ही लावणार आहोत, ते आपल्या पुराणांतले नव्हे आणि आपल्या देशातलेही नव्हे. ते आहे जपानच्या पश्चिमेकडील बेटांवर राहणाऱ्या मूठभर कोळ्यांचे आणि शेतकऱ्यांचे. आणि ही माणसे धर्माने ख्रिस्ती.

गणेशचतुर्थीच्या पानावर परधर्मीयांची कथा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, घरातील देव घराने कसा राखावा आणि राखता राखता तो हातचा कसा जातो, हे दोन्ही धडे इतक्या स्पष्टपणे एकाच ठिकाणी क्वचितच सापडतील. आरसा दुसऱ्याच्या घरचा असला, तरी त्यात मुख आपलेच दिसते.

वसईतील एक संध्याकाळ

काही वर्षांपूर्वी कीर्तनाच्या निमित्ताने आमचे वसईस जाणे झाले. आमच्या यजमानांच्या शेजारी एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक राहात. ते दोन्ही दिवस कीर्तनास येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या अगत्याने आम्हांस आपल्या घरी घेऊन गेले. दिवेलागणीची वेळ होती. भिंतीशी लहानशी वेदी, तीवर क्रूस, मेरीमातेची मूर्ती, पुढे फुले आणि तेवणारी समई. सारे कुटुंब गुडघे टेकून जपमाळ म्हणू लागले. नातवंडे मधूनच चुकत, आजी डोळ्यांनीच त्यांना दटावी. आम्हांस आमच्या बालपणीची शुभंकरोती आठवली.

प्रार्थना आटोपल्यावर गुरुजींनी आम्हांस गोन्सालो गार्सिया याची कथा सांगितली. हा वसईत जन्मलेला पुरुष. फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून तो दाखल झाला आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे जपानात दुभाषा म्हणून काम करू लागला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांसह त्याला क्रूसावर चढवून मारण्यात आले. १८६२ साली रोमच्या चर्चने त्याला संतपद दिले. वसईजवळच्या गास गावी त्याच्या नावाचे चर्च आहे. ‘पण महाराज,’ गुरुजी म्हणाले, ‘मारले गेले त्यांची नावे ग्रंथांत आली. जे जगले आणि घरात लपून देव राखीत बसले, त्यांची कथा याहून मोठी आहे.’ त्या रात्री त्यांनी जे सांगितले, त्याचा पाठपुरावा आम्ही पुढे ग्रंथांतून केला. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुरोहितावाचून अडीचशे वर्षे

फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. पुढील साठ वर्षांत तेथे ख्रिस्ती धर्म झपाट्याने वाढला. परंतु या नव्या धर्मामागून परकीय सत्ता येईल, अशी शंका जपानी राज्यकर्त्यांना येऊ लागली. १५८७ साली हिदेयोशीने धर्मोपदेशकांना देश सोडण्याची आज्ञा केली. १६१४ साली तोकुगावा राजवटीने सर्व देशात या धर्मावर बंदी घातली. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे झालेले बंड रक्तात बुडविण्यात आले आणि त्यानंतर पोर्तुगीजांना जपानची दारे कायमची बंद झाली. १६४४ च्या सुमारास देशातील शेवटचा पाद्री मारला गेला.

राहिली ती केवळ गृहस्थाश्रमी माणसे. प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदविलेच पाहिजे, असा नियम झाला. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या अपराधाची जबाबदारी पाचांवर टाकण्यात आली. नागासाकीच्या परिसरात दरवर्षी घरातील प्रत्येकाला ख्रिस्ताच्या अथवा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. पाय अडखळला, की माणूस ओळखला गेला.

वाचकहो, क्षणभर कल्पना करा. देऊळ नाही, पुरोहित नाही, ग्रंथ जवळ बाळगणे म्हणजे मरण, घंटा वाजविण्याची सोय नाही, शेजाऱ्याचा भरवसा नाही. अशा स्थितीत एखादा धर्म किती दिवस जगेल? एक पिढी? दोन? या माणसांनी तो सुमारे अडीचशे वर्षे जगविला. आणि तो जगविला घराच्या आतल्या खोलीत.

इकित्सुकी नावाच्या बेटावर या देवांना ‘नांदोगामी’ म्हणतात. नांदो म्हणजे घरातील आतली अंधारी खोली, आपल्याकडे जिला आपण कोठीघर म्हणू. आणि कामी म्हणजे देव. बाहेरच्या खोलीत शिंतो देवतांचा व बुद्धाचा देव्हारा सर्वांच्या दृष्टीस पडेल असा मांडलेला, आणि आत कोठीघरात, कपाटात गुंडाळून ठेवलेले एक चित्रपट. त्यावर बाळाला घेतलेली माता. परंतु तिचा पोशाख किमोनो, आणि चेहरामोहराही तेथल्याच एखाद्या कोळिणीचा. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे चित्र पाहावे, तर त्याच्याही डोक्यावर जपानी पद्धतीची शेंडी. अन्य गावांत चीनमधून येणाऱ्या पांढऱ्या चिनी मातीच्या कान्नोन देवीच्या मूर्तींतच लोकांनी मेरीमाता पाहिली. झडती घेणाऱ्याला ती बौद्धांची करुणादेवी दिसे. हात जोडणाऱ्याला मात्र आपली माता दिसे.

चित्रपट जुना होऊन विटला म्हणजे त्याची नवी प्रत काढीत. या कृतीला त्यांनी शब्द कोणता योजावा? ‘ओसेन्ताकु’, म्हणजे धुणे! देव बदलला नाही, त्याचे वस्त्र तेवढे धुतले, असा हा भाव. जुना पट टाकून द्यावयाचा नाही. घरातील कारभार मुलाकडे सोपवून निवृत्त झालेल्या वडिलांना जो शब्द लावतात, तोच त्या जुन्या पटाला लावून त्याला मानाने जपून ठेवावयाचे. आम्ही हे प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो. देवाला घरातील वडीलधारे माणूस मानणारी ही दृष्टी आम्हांस मुळीच परकी वाटली नाही.

पाद्री नसल्यामुळे बाप्तिस्मा देण्याचे काम गावातील एका गृहस्थाकडे, सण-उपवासांचे दिवस मोजण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी त्यांनी विभागणी केली. सोतोमे व गोतो या भागांत १६३४ सालच्या गणनेवर आधारलेले एक पंचांग पिढ्यान्‌पिढ्या नकलून वापरले जाई. इकित्सुकीचे लोक नाकाएनोशिमा या निर्जन बेटावर होडीने जात. तेथे त्यांच्या पूर्वजांना ठार मारले होते. तेथील खडकाच्या फटीतून झिरपणारे पाणी प्रार्थना म्हणत कुपीत भरून आणावयाचे, आणि तेच त्यांचे तीर्थ. जपमाळ बाळगता येत नव्हती. तेव्हा तिच्यातील पंधरा प्रसंगांसाठी लाकडाच्या लहान पट्ट्या केल्या, पाच-पाचांचे तीन संच आणि एक वेगळी, अशा एकूण सोळा. भाकरी आणि द्राक्षासव यांच्या ठिकाणी भात, मासा आणि साके नावाचे तांदळाचे मद्य आले. काही गावांत मृत्यूनंतर बौद्ध भिक्षू बाहेरच्या खोलीत सूत्रपाठ करी, त्या वेळी आतल्या खोलीत बसून घरची माणसे हलक्या आवाजात आपली प्रार्थना म्हणत, जेणेकरून गेलेला जीव आपल्याच मार्गाने जावा.

प्रतिनिधीचा न्याय

आमच्या वाचकांपैकी काही शास्त्राभिमानी म्हणतील, की हा सारा संकर झाला. मूळ विधी राहिला कोठे? या आक्षेपाचा विचार शास्त्रानेच करू.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांत प्रतिनिधीचा स्वतंत्र विचार आहे. यज्ञास सांगितलेले द्रव्य न मिळाले तर काय करावे? नित्यकर्म सोडून द्यावे काय? शास्त्र म्हणते, सोडू नये. सदृश द्रव्य घेऊन कर्म पुरे करावे. सोम न मिळाला तर पूतीक घ्यावा, हे याचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्या घरच्या पूजेतही आपण हेच करतो. वस्त्र नसले की अक्षता वाहतो, अलंकार नसले की अक्षता वाहतो. श्रीमद्भागवताने भगवंताच्या प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत पाषाण व धातू यांच्या बरोबरीने चित्राला स्थान आहे, वाळूला आहे, आणि केवळ मनातल्या मूर्तीलाही आहे. वनवासात वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, तेव्हा प्रभू रामचंद्रांनी इंगुदीच्या पेंडीचे पिंड दिले. जे आपण खातो तेच पितरांस द्यावयाचे, हा त्यामागील विचार. मग त्या कोळ्यांनी भात आणि मासा पुढे ठेवला, तर आपण नाक मुरडण्याचे कारण काय?

आणि आपल्या घरी तरी काय आहे? गौरी कोणाकडे खड्यांच्या येतात, कोणाकडे मुखवट्यांच्या, कोणाकडे तेरड्याच्या. ज्या कुळाला जे जमले, ज्या गावी जे उगवले, त्यातून ती रीत घडली आणि पुढे तीच कुलाचार झाली. तात्पर्य, अडचणीतून घराने काढलेली वाट हा भ्रष्टाचार नव्हे. भाव अखंड असेल, तर ती वाट म्हणजेच परंपरा होय.

गोव्याचे उदाहरण तर आपल्या दारातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पाडली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आणि श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेली. भक्तांनी देव डोक्यावर घेऊन नदीपलीकडे नेले. जे गावात राहिले त्यांच्या घरगुती विधींवरही बंधने आली. गोव्यातील काही घराण्यांत चतुर्थीस मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर रेखलेल्या गणपतीची अथवा पत्रीची पूजा आजही होते. सत्तेच्या नजरेपासून देव लपविण्यासाठी ही रीत पडली, असे जुने जाणते सांगतात. गुंडाळून ठेवता येईल असा कागदावरचा गणपती, आणि गुंडाळून ठेवता येईल अशी पटावरची मेरी! ज्या शतकात गोव्यात एका धर्माच्या सत्तेपुढे आपले देव लपत होते, त्याच शतकाच्या अखेरीस जपानात त्याच धर्माच्या अनुयायांवर लपण्याची पाळी आली.

हे आम्ही कोणाला हिणविण्यासाठी लिहीत नाही. जपानी कोळ्याने गोव्यातले एकही देऊळ पाडले नव्हते, आणि वसईच्या त्या गुरुजींनीही नाही. उलट, हे सांगताना त्यांनीच खाली मान घातली होती. आम्ही लिहितो ते एवढ्यासाठी, की सत्ता कोणाचीही असो, ती देवळापर्यंत पोहोचते. क्वचित ओसरीपर्यंत येते. परंतु कोठीघरात जिथे आजी नातवाच्या कानात देवाचे नाव सांगते, तिथे ती पोहोचू शकत नाही.

बंदी उठली आणि...

आता आख्यानाचा उत्तरभाग. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथे परदेशीयांसाठी नव्याने बांधलेल्या चर्चच्या दारात उराकामी गावचे काही स्त्रीपुरुष येऊन उभे राहिले. पाद्री पेतिजाँ यांनी त्यांना आत घेतले. त्यांतील एक स्त्री जवळ आली आणि हलक्या आवाजात तिने सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि मेरीमातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. दोनशेहून अधिक वर्षे पाद्री न पाहिलेल्या माणसांनी आपली माता ओळखली होती.

कष्ट तेवढ्यावर संपले नाहीत. उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना हद्दपार करून देशभर विखुरण्यात आले. त्यांपैकी सहाशेहून अधिक मरण पावले. अखेर १८७३ साली बंदीचे फलक उतरले. अनेक जण रोमच्या चर्चमध्ये परतले. काहींनी मात्र पूर्वजांनी प्राणाचे मोल देऊन राखलेली रीत सोडण्यास नकार दिला आणि कोठीघरातील देव तसेच ठेवले. इकित्सुकी बेटावर ही परंपरा टिकली.

आणि येथेच, वाचकहो, आमचे मन कातर होते. मृत्यूच्या भयाने जी परंपरा मेली नाही, ती अभय मिळाल्यानंतर क्षीण होत गेली. तलवारीला जे साधले नाही, ते नोकरीने साधले. तरुण शहरांत गेले. मासेमारीचे आणि शेतीचे गाव रिते झाले. देव राखणाऱ्या घरांच्या मंडळ्या एकामागून एक विसर्जित झाल्या. काही घरांतील देव गावच्या संग्रहालयात काचेआड गेले. २०१८ साली नागासाकी परिसरातील या गुप्त ख्रिस्त्यांशी निगडित बारा स्थळांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पवित्र जलाचे नाकाएनोशिमा बेटही त्यांत आहे. जगाने नोंद घेतली खरी, पण तोवर प्रार्थना म्हणणारे कंठ थोडेच उरले होते.

असे का झाले? नोकरी आणि शहर ही कारणे खरी, पण पुरेशी नव्हेत. आम्हांस आणखी दोन कारणे दिसतात, आणि ती आपल्या घराशी ताडून पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण अर्थाचे. त्यांच्या प्रार्थनेला ‘ओराशो’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचे हे जपानी रूप. जपानी, लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांची ही लांब माळ त्यांनी मुखाने राखली. परंतु परकीय शब्द घासून घासून असे झाले, की म्हणणाऱ्यालाही पुष्कळ ठिकाणी अर्थ लागेना. आम्ही स्वतः पाठांतराचे पक्षपाती आहोत. मुखाने राखलेला ध्वनी कधीकधी ग्रंथाहून विश्वासू ठरतो, हे वेदपाठी घराण्यात वाढलेल्याला सांगावयास नको. तात्सुओ मिनागावा या जपानी संगीतशास्त्रज्ञाने याच बेटावरील एका गीताचे मूळ सोळाव्या शतकातील स्पेनच्या एका विस्मृत चालीत शोधून काढले; युरोप जे विसरला होता, ते या कोळ्यांच्या कंठात उरले होते. पाठांतराचा केवढा हा विजय! परंतु निरुक्तकार यास्कांनी अर्थ न जाणता पाठ करणाऱ्याला जो ठपका दिला, तोही खोटा नाही. संकट असते तेव्हा शब्द टिकविणे हेच कार्य पुरेसे असते. संकट गेल्यावर नातू विचारतो, ‘आजोबा, याचा अर्थ काय?’ त्या वेळी आजोबा गप्प राहिले, तर नातू दुसऱ्या दिवशी बसावयास येत नाही.

दुसरे कारण अधिकाराचे. गुप्ततेच्या काळी विधी थोड्याच विश्वासू माणसांकडे ठेवणे भाग होते, आणि ओराशो म्हणण्याचे काम मुख्यतः पुरुषांकडे होते. भय गेले तरी ती चाकोरी राहिली. मुलगा शहरात गेला की वारस संपला. घरात हौसेने ऐकणारे दुसरे कोणी असेलही; पण त्याला बोलावण्याची रीत नव्हती. जी गुप्तता कवच होती, तीच पुढे कुलूप झाली.

आमच्या गावी येणारी गाठोडी

हे सारे आम्हांस परदेशाची वार्ता म्हणून वाचता आले असते, तर बरे झाले असते. परंतु आम्ही क्षेत्राच्या गावी राहतो. आमच्या आळीतील देवळांत दरवर्षी काही गाठोडी येतात. लाल फडक्यात बांधलेले टाक, एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, झिजून गुळगुळीत झालेला चांदीचा गणपती, संपुष्टातील शाळिग्राम. घेऊन येणारे गृहस्थ सुशिक्षित असतात, नम्र असतात, बहुधा डोळे पुसत असतात. आई गेली, वडील गेले, घर विकले, मुले परदेशी, करणारे कोणी नाही. पुजाऱ्याच्या हाती गाठोडे देतात, सोबत दक्षिणा ठेवतात आणि पायऱ्या उतरतात. मंदिराच्या कोनाड्यात असे कित्येक कुळांचे देव एकत्र बसले आहेत. कोणाचा कोणता, हे आता पुजाऱ्यालाही ठाऊक नाही. जपानात काचेचे कपाट आहे, आमच्याकडे कोनाडा. फरक तो एवढाच.

आमच्या देवांवर कोणी बंदी घातलेली नाही. रस्तोरस्ती मंडप आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, रोषणाई आहे. लोकमान्यांनी १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाला जी चालना दिली, तिचे महत्त्व आम्ही जाणतो. अनेक मंडपांत आम्ही कीर्तने केली आहेत. परंतु मंडपातला गणपती हा घरातल्या गणपतीचा थोरला भाऊ आहे, त्याचा पर्याय नव्हे. मंडपात आपण प्रेक्षक असतो. घरात आपण यजमान असतो. ज्या घरात वर्षाचे तीनशे साठ दिवस देवापुढे दिवा लागत नाही आणि चतुर्थीस ध्वनिमुद्रित मंत्र लावून, गुरुजींच्या घाईगर्दीत पूजा आटोपली जाते, त्या घरातील मुलाने पुढे ते गाठोडे बांधले, तर दोष कोणाचा?

आमचे मत स्पष्ट आहे. देव पुढच्या पिढीस द्यावयाचा असेल, तर तीन गोष्टी घराने कराव्या. पहिली, विधी लहान असो, पण तो घरच्या माणसाच्या हाताने आणि मुखाने व्हावा. सोळा उपचार जमत नसतील तर पाच करावे, पाचही नसतील तर एक फूल वाहावे. दुसरी, जे म्हणावयाचे त्याचा अर्थ मुलांना सांगावा. अथर्वशीर्षाचे एकेक वाक्य रोज घेतले, तरी दहा दिवसांत पुष्कळ होईल. आणि तिसरी, जो बसेल त्याला बसू द्यावे. परदेशी एका खोलीत राहणाऱ्या मुलाने कागदावर गणपती काढून पूजा केली, तर त्याला नावे ठेवू नयेत. गोव्याच्या पूर्वजांनी तेच केले होते.

या तिसऱ्या गोष्टीविषयी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमच्या घरची गणेशपूजा सात पिढ्यांची. ती पुढे चालावी म्हणून आम्ही नातवाला लहानपणापासून समोर बसवून शिकविले. तो गुणी आहे, परंतु त्याचे मन त्यात रमले नाही. आता तो दूरच्या शहरी असतो आणि चतुर्थीस त्याला रजा मिळतेच असे नाही. त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी आमची नात. तिला आम्ही कधी शिकविले नाही. ती दाराशी बसून दूर्वा निवडीत असे. गतवर्षी पूजेच्या वेळी आमचा घसा बसला, श्वास लागला, आणि पुढचा मंत्र आठवेना. तेव्हा दाराशी बसलेल्या तिने तो स्पष्ट स्वरात म्हटला. पुढचाही म्हटला. तिने सारे ऐकून ऐकून उचलले होते. आम्ही तिच्याकडे पाहिले, तर ती घाबरून उठू लागली. आजोबा रागावतील, असे तिला वाटले असावे. साठी उलटलेल्या, शास्त्र सांगत फिरणाऱ्या माणसाला याहून मोठा ठपका कोणता?

त्या रात्री आम्हांस ते जपानी बेट आठवले. तेथेही कोणी दाराशी बसून ऐकत असेल काय? त्याला कोणी आत बोलावले नसेल काय?

आमच्या सोवळ्याच्या कल्पना जुन्या आहेत. त्या एका रात्रीत गळून पडल्या, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच आळीतील काही विद्वान मित्रांना हे रुचणार नाही, हेही आम्ही जाणतो. त्यांच्याशी वाद घालण्याची आमची तयारी आहे. गार्गी आणि मैत्रेयी यांची नावे कीर्तनात घ्यावयाची आणि नातीला दाराशी बसवावयाचे, ही विसंगती आता आमच्याने पेलवत नाही. गेले वर्षभर ती सकाळी आमच्यापुढे बसते. मंत्र शिकते, आणि प्रत्येकाचा अर्थ विचारते. काही वेळा तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस पोथ्या उघडाव्या लागतात. चाळीस वर्षांत आम्हांस कोणी असे प्रश्न विचारले नव्हते.

यंदा चतुर्थीस आमच्या घरी मूर्तीची प्राणप्रतिष्ठा ती करील. आम्ही बाजूला बसून दूर्वा निवडू. इकित्सुकीच्या त्या माणसांनी जुन्या पटाला निवृत्त वडिलांचा मान दिला, तेवढा मान आम्हांस मिळाला तरी पुष्कळ झाले.

वसईच्या त्या गुरुजींना आम्ही हे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले. नातवंडे आता जपमाळ चुकत नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. श्रीगजानन सर्वांच्या घरातील दिवे तेवत ठेवो.